‘मान जरा तिरकी करा’ न म्हणणारी फोटोग्राफर

आमचं लग्न नवऱ्याच्या सायकल दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये झालं. माणसं 19, स्टेज नाही, विधी नाहीत. सकाळी 8 ला जमलो, एकमेकांना लिहिलेली पत्रं वाचली, जेवलो, 2 वाजता शटर ओढून घरी. या लग्नाला फोटोग्राफर शोधताना आधी दोघांना फोन केले होते. एकाने विचारलं, स्टेज किती फुटांचं? दुसऱ्याने ड्रोन आणि धुराच्या मशीनसकट पॅकेज पाठवलं. वर्कशॉपला छत आहे हे सांगितल्यावर तो जरा हिरमुसला.

मग ही सापडली. पहिल्या भेटीत तिने कपडे कुठल्या रंगाचे हे विचारलंच नाही. विचारलं, कुणाला कुणाशेजारी उभं करायचं नाही? माझे आईवडील वेगळे होऊन बरीच वर्षं झाली आहेत, त्यामुळे या एका प्रश्नावरच मी तिला निम्मं काम देऊन टाकलं होतं. ग्रुप फोटो जास्तीत जास्त 10, त्यांची नावांसकट यादी आधी द्या, म्हणजे ते अर्ध्या तासात उरकतील आणि उरलेला वेळ तुमचा, असंही तिने सांगितलं. तसंच झालं.

आदल्या दिवशी सकाळी 8 लाच ती वर्कशॉपमध्ये येऊन उभी राहिली. खिडकीतून ऊन कुठवर येतं ते पाहिलं, आमचं टेबल चार पावलं सरकवलं आणि छताचे एलईडी दिवे उद्या बंद ठेवा म्हणाली. खिडकीचा उजेड आणि दिव्यांचा उजेड एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट दिसते, हे मला तेव्हा कळलं. दुसरं कारण मात्र लग्नानंतर कळलं, ते पुढे सांगते.

त्या दिवशी तिच्याकडे दोन कॅमेरे होते, एकावर 35 मिमीची, रुंद दृश्य टिपणारी लेन्स, दुसऱ्यावर 85 ची, लांबूनच चेहरा जवळ आणणारी. फ्लॅश नाही. 35 मुळे तिला जवळ यावं लागतं, आणि पहिला तासभर ते मला जाणवत राहिलं. त्या तासातले माझे सगळे फोटो ओळखपत्रावरच्यासारखे आले आहेत. लग्नाआधी एकदा तासभर सराव म्हणून फोटो काढू, असं ती म्हणाली होती. आम्ही ‘कशाला उगाच’ म्हणून नको म्हटलं. तो तास तिचं ऐकून द्यायला हवा होता.

आता पत्रांबद्दल. माझा नवरा अडखळत बोलतो. आपल्या माणसांत कमी, पण त्या दिवशी दुसऱ्याच ओळीला एका शब्दावर अडला तो अडलाच. व्हिडिओ नको असं आम्ही याच कारणासाठी ठरवलं होतं. फोटोग्राफर माझ्या मागे होती, लेन्स त्याच्यावर होती. ती तिने वळवली आणि पाहुण्यांचा फोटो काढला. तो फोटो मी किमान पन्नासदा पाहिला असेल. अठरा-एकोणीस चेहरे, आणि जवळजवळ प्रत्येकाचे ओठ त्याच शब्दाच्या आकारात. सासऱ्यांचे, माझ्या आईचे, पंक्चर काढायला येणाऱ्या पोराचेसुद्धा. नवऱ्याने फोटो पाहिला आणि म्हणाला, “लोकांचं हेच मला आयुष्यभर सहन झालेलं नाही!” मग तोच फोटो त्याने भिंतीवर लावायला निवडला.

आता तक्रारी. वाचनात आवाज होऊ नये म्हणून तिने इलेक्ट्रॉनिक शटर लावलं होतं. त्यात सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप, ओळीओळीने वाचला जातो आणि एलईडी दिवा डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकत असतो, त्यामुळे कधीकधी फोटोवर पट्टे उमटतात. आमच्या एका मित्राने कोपऱ्यातला दिवा कौतुकाने लावला होता, आणि तीन फोटोंत आत्तेसासूबाईंच्या अंगावर झेब्र्यासारखे पट्टे आले. चूक आमचीच, पण दिवा लागलाय हे तिच्याही लक्षात यायला हवं होतं.

फोटो सहा आठवड्यांत मिळणार होते, मिळाले नवव्या आठवड्यात. मधले तीन आठवडे मी विचारल्याशिवाय एक ओळही आली नाही. उशिरापेक्षा ते जास्त खुपलं. पाच फोटो मात्र दुसऱ्याच दिवशी आले होते, आणि प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातल्या दोन कार्डांवर एकदमच साठतो हे तिने आधी दाखवलं होतं, म्हणून निदान ‘गेले की काय’ ही धास्ती नव्हती.

एकूण 412 फोटो. गॅलरीत डाउनलोडला ठेवलेल्या फाइल 2048 पिक्सेल लांबीच्या. फोनवर झकास दिसतात, पण 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापायचं तर सतरा सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत. मोठ्या फाइल मागितल्यावर लगेच दिल्या, पण मागाव्या लागतात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या संस्कार न केलेल्या मूळ फाइल, देत नाही हे करारात स्पष्ट होतं, त्यामुळे त्यावर वाद नाही. रंगांवरून थोडा झाला. ती सगळं जरा फिकट, दुधाळ करते. वर्कशॉपच्या भिंतीचा जर्द हिरवा तिने शेवाळ्यासारखा करून टाकला होता. सांगितल्यावर तीसेक फोटो जास्तीचे पैसे न घेता पुन्हा करून दिले.

पाचपैकी चार. तुमच्या डोक्यात ठरलेल्या पोझची यादी असेल, किंवा शंभर नातेवाईक रांगेने टिपून हवे असतील तर हिच्याकडे जाऊ नका, दोघांचीही चिडचिड होईल. जाणार असाल तर तो सरावाचा तास नक्की घ्या, मोठ्या फाइल करारातच लिहून घ्या, आणि कोपऱ्यातल्या दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी लावा.