कॉमन किचनची खोली, विजापूर रोड: गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

सोलापुरात मुलींना भाड्याने खोली मिळते, पण ‘स्वयंपाक केला तर चालेल’ म्हणणारे मालक थोडे. आधीच्या खोलीत चहासुद्धा चालत नसे. डबा लावला होता, त्यात रोज चपात्या. रात्रपाळी संपवून यायचे तोवर त्या गार होऊन वातड झालेल्या असत. ज्वारीच्या मुलखात राहून भाकरीला महाग! शेवटी जास्त भाडं देऊन इथे आले.

किचन चिंचोळं आहे. दोन शेगड्या, ओटा, फ्रिज आणि आम्ही पाच जणी. गॅस आहे, हे महत्त्वाचं. इंडक्शनवर पोळी भागते. भाकरी मात्र तव्यावरून काढून जाळावर टाकल्याशिवाय नीट फुगत नाही. एकटीसाठी परात काढून, पीठ मळून, थापत बसायचा कंटाळा येतो. म्हणून अक्कलकोटकडची एकजण सगळ्यांच्या भाकऱ्या थापते, बाकीच्या कालवण, भात, भांडी बघतात. मला अजूनही गोल जमत नाही, माझ्याकडे भांडी. इंडीची मैत्रीण घरून कडक भाकऱ्यांची चवड आणते. त्या बरेच दिवस टिकतात. महिनाअखेरीस कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा की झालं जेवण. चटणी उखळात कुटलेलीच घ्या. मिक्सरमधून नुसता भुगा निघतो, कुटल्यावर दाण्याला तेल सुटतं.

खोलीतल्या एकीला ताप आला तेव्हा रात्री अकराला मऊ भात शिजवता आला. डब्याच्या भरवशावर ते झालं नसतं.

आता तक्रारी. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे खरकटी भांडी साचली की भांडणं होतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि किचनला एक्झॉस्ट नाही. सकाळी आठच्या आत आटपा. मला सर्वांत खटकतं ते वेगळंच. मालकीणबाईंना अंडं चालतं, मटण नाही. दोघीजणी रविवारी बाहेर खाऊन येतात. बाई वर आम्हाला ‘एका ताटात जेवणाऱ्या बहिणी’ म्हणतात! विषय काढून पाहिला, उपयोग झाला नाही.

तरी खोली सोडणार नाही. घ्यायची असेल तर सिलिंडर कोणाच्या नावावर, फ्रिजचा कप्पा मिळतो का आणि ओटा किती वाजता बंद होतो, हे आधी विचारा. आमच्याकडे बंद होत नाही, म्हणूनच भाडं परवडतं.