लिहिणाऱ्याने कॉपीच्या टेबलावर बसावे की आर्टच्या?

पुण्यातल्या एखाद्या जाहिरात संस्थेत नोकरी करून उरलेल्या वेळात कथा-कविता लिहू पाहणाऱ्याला सगळे कॉपीरायटिंगच, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणेच, सुचवतात. हाताला चित्रकलेचे वळण असेल, तर जाहिरातीचे चित्र आणि मांडणी ठरवणाऱ्या आर्ट विभागाचाही विचार व्हावा, असे मला वाटते. मी दोन्ही टेबलांवर बसलो आहे.

कॉपीच्या बाजूचे दाखले भक्कम आहेत. लंडनमध्ये क्रीम केक आणि एरो चॉकलेटच्या जाहिराती लिहिणाऱ्या सलमान रश्दींना १९८१ साली बुकर मिळाले. ‘सात सक्कं त्रेचाळीस’चे किरण नगरकरही जाहिरातक्षेत्रातच होते. मुदत पाळणे आणि लिहिलेले निर्दयपणे खोडणे मीही तिथेच शिकलो.

अडचण दुसरीच निघाली. दिवसभर बांधकाम व्यावसायिकांच्या माहितीपत्रकांसाठी ‘निसर्गाच्या कुशीत’ लिहून रात्री कथा घेऊन बसलो, की प्रत्येक परिच्छेदाचे शेवटचे वाक्य टाळी मागू लागे. मला ते दिसतही नव्हते. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा परत केली, तेव्हा अशा प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि शेवटच्या पानाच्या समासात लिहिले होते, ‘फोन नंबर राहिला.’ पुढच्या दोन कथांतही ती खोड गेली नाही, तेव्हा मी टेबल बदलून मागितले.

आर्टच्या टेबलावर शब्द आधी आकार म्हणून समोर येतो. ‘प्रशस्त’मधले जोडाक्षर होर्डिंगवर दुरून चिकटलेले दिसते की सुटे, यात अख्खी दुपार जाते आणि डोळे शिणतात, पण माझ्यापुरते सांगायचे तर वाक्ये संध्याकाळपर्यंत न वापरलेली राहतात. जे. जे.मध्ये शिकलेले अरुण कोलटकर जाहिरातीत आर्ट डायरेक्टर होते. आपल्या शेजारच्या जेजुरीवरचा त्यांचा इंग्रजी संग्रह १९७६ साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. सत्यजित राय १९४३ साली कलकत्त्यात डी. जे. कीमर या जाहिरात संस्थेत चित्रकार म्हणून लागले आणि १९५५चा ‘पथेर पांचाली’ त्यांनी ती नोकरी सांभाळूनच पुरा केला. त्यांची प्रतिभा टेबलामुळे टिकली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तरी हे दाखले मला धीर देतात, एवढे खरे.

पाडवा-दसऱ्याच्या तोंडावर मात्र पानभर जाहिरातींच्या दुरुस्त्या मध्यरात्रीपर्यंत चालतात, आणि कॉपी मंजूर झालेला सहकारी तोवर कोथरूडला पोहोचून जेवलेला असतो. ते दोन आठवडे मी लिखाणातून वजाच धरतो.