घर ते मांगर, ६० मीटर: हवा, तांबं आणि काच

आमचं घर सिंधुदुर्गात, जांभ्याचं. भिंती दीड फूट जाडीच्या. ओटीवर १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे, पण मी कामाला बसतो मागच्या मांगरात, म्हणजे घरापासून सुट्या छोट्या बांधकामात, राउटरपासून ६० मीटरवर. गेल्या पावसाळ्यापासून या ६० मीटरांनी मला बरंच शिकवलं. सध्याची सोय दिवाळीपासून वापरतोय, म्हणजे दहा महिने झाले.

सुरुवात अर्थातच वाय-फायने. ओटीवर ५ गिगाहर्ट्झला ९० च्या वर स्पीड. माजघर ओलांडलं की ते संपतं. २.४ गिगाहर्ट्झ कसंबसं मांगरापर्यंत यायचं, सात-आठ एमबीपीएस. मध्ये स्वस्तातला रिपीटर लावला. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे निम्मा वेळ तिथेच जातो. तरी उन्हाळाभर भागलं. जुलैत मात्र पार बोऱ्या वाजला. जांभा भोकाभोकांचा दगड, पाणी पिऊन बसतो, आणि ओल्या भिंतीतून या लहरी आणखी कमी पार होतात. मीटिंगमध्ये लोक मला ‘आवाज तुटतोय’ म्हणायचे आणि मी बाहेरच्या पागोळ्यांकडे बघायचो.

मग केबल. ऑनलाइन स्वस्तात ‘कॅट-६’ नावाच्या नेटवर्क केबलचं बंडल मिळालं. लिंक १००० एमबीपीएस (एक गिगाबिट) ऐवजी १०० वरच अडकायची. गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात, इथे कनेक्टर दाबतानाच एक तार तुटलेली. सुरीने खरवडून पाहिलं तर आत पांढरं: ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. तार ठिसूळ, रोधही जास्त. घेताना टोक खरवडून बघा, एवढंच सांगतो. आईने त्या बंडलाचा पडवळाच्या मांडवाला छान उपयोग केला.

दुसरी केबल शुद्ध तांब्याची, बाहेर टाकायची, जवळपास दुप्पट दराची. आणि काय सांगू, सुख होतं! मांगरात ९५, तेही संथ, न हलणारं. तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा असते, आपण त्याच्या बरेच आत. महिनाभर चाललं. मग ऑक्टोबरात परतीच्या पावसात पलीकडच्या माडावर वीज पडली. केबलवर नाही, माडावर. तरी राउटरचा पोर्ट आणि इकडे मांगरातला नेटवर्क स्विच (एका केबलवर अनेक यंत्रं जोडणारा डबा), दोन्ही मेले. उघड्यावरची लांब तार जवळच्या विजेचा झटका पकडून दोन्ही टोकांना पोचवते, हे मला तेव्हा कळलं. घराच्या आत तांबं जरूर वापरा. दोन इमारतींमध्ये मी आता फुकट मिळालं तरी टाकणार नाही.

शेवटी काच. दोन्ही टोकांना कनेक्टर लावून आलेली ८० मीटर सिंगल-मोड फायबर (उजेडातून सिग्नल नेणारा काचेचा बारीक धागा), त्यामुळे जोड मारणाऱ्याला बोलवावं लागलं नाही. आत धातूची तार नसलेलीच मागितली, नाहीतर विजेला पुन्हा वाट. खारी कुरतडतात म्हणून पीव्हीसी पाइपातून जमिनीखालून नेली. वळणं मोठी ठेवली; काटकोनात मुडपली तर उजेड तिथेच बाहेर गळतो. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तारेतला सिग्नल उजेडात आणि उजेड पुन्हा तारेत बदलणारे डबे. इथे मी एक गाढवपणा केला: दोन्ही ‘ए’ मागवले. एकाच धाग्यातून जाणं-येणं असेल तर एकाने १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडावर पाठवायचं आणि दुसऱ्याने १५५० वर, म्हणून ‘ए’ आणि ‘बी’ अशी जोडी लागते. दोन दिवस लिंकचा दिवा का लागत नाही म्हणून मी केबलमध्येच दोष शोधत होतो.

दिवाळीपासून एकदाही तुटलेलं नाही. जूनमधला गडगडाट, हा अख्खा आषाढ, सगळं पार पडलं. मोबाइलसाठी जुना राउटर मांगरातच ॲक्सेस पॉइंट करून ठेवलाय. एका खोलीपुरतं वाय-फाय उत्तम चालतं.

तक्रार एकच. तांब्याच्या केबलमधून पलीकडच्या यंत्राला वीजही देता येते, काचेतून नाही. त्यामुळे लाइट गेली की घरात इन्व्हर्टरवर नेट चालू आणि मांगरातला कन्व्हर्टर बंद. त्याच्यासाठी छोटा यूपीएस घ्यायचाय. तोवर लॅपटॉप काखेत मारून ओटीवर जातो.