५८००एक्स: क्लॉक हातानं बांधावा की कर्व्ह ऑप्टिमायझर लावावा?

एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स या प्रोसेसरमधून थोडा जास्त वेग (क्लॉक) काढायचा तर दोन रस्ते आहेत. पहिला जुना: बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सगळ्या कोअरना एकच मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) द्यायचा, व्होल्टेज हातानं बांधायचं आणि टिकतंय का ते बघायचं. दुसरा: पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, प्रोसेसरला स्वतःच क्लॉक चढवू देणारी एएमडीची सोय) चालू ठेवायचा, कर्व्ह ऑप्टिमायझरनं एकेका कोअरचं व्होल्टेज खाली आणायचं आणि क्लॉक किती चढवायचा ते प्रोसेसरवर सोडायचं. पहिल्या रस्त्यानं मी जवळपास वर्षभर गेलो, आता दुसऱ्यावर आहे. माझं काम ब्लेंडरमध्ये घरांचे इंटिरिअर रेंडर करायचं, खोली पुण्यातली, पश्चिमेच्या खिडकीची, एसी नाही. हे सगळं लक्षात घेऊनच पुढचं वाचा.

हातानं बांधलेल्या क्लॉकचं मला मनापासून कौतुक आहे. एका संध्याकाळी काम होतं. माझं ४.६ गिगाहर्ट्झला १.२७५ व्होल्टवर बसलं होतं, एलएलसी (लोड-लाइन कॅलिब्रेशन, लोडखाली व्होल्टेज पडू न देणारं सेटिंग) मधल्या पायरीवर. (एलएलसी पार वर नेऊ नका. लोड सुटतो त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं आणि ती उसळी साध्या मॉनिटरिंगमध्ये दिसतही नाही.) सगळे कोअर एका चालीनं चालतात, त्यामुळे रेंडरला किती वेळ लागेल ते गिऱ्हाइकाला छातीठोक सांगता येतं. तोटा एकच पटकन जाणवतो. हाच प्रोसेसर मूळ सेटिंगवर हलक्या कामात एखादा कोअर ४.८ च्याही वर नेतो, ते सुख ४.६ ला बांधल्यावर जातं. स्केचअपसारखं बहुतेक भार एकाच कोअरवर टाकणारं काम करत असाल तर मॉडेल फिरवताना हाताला कळतं.

पण मी रस्ता बदलला तो यामुळे नाही. बदलला तो ऋतूंमुळे.

जानेवारीत सेटिंग बसवलं तेव्हा खोलीत २३ अंश होते. सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी तासभर फिरवली, तापमान ७८ च्या आसपास राहिलं, मी निश्चिंत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास, चाळीस मिनिटं चाललेला रेंडर मधेच गेला. स्क्रीन काळी, मशीन आपोआप रीस्टार्ट. खोलीतला काटा ३६ वर होता. सेटिंग तेच, कूलर तोच, पेस्टही तीच. खोलीतले तेरा अंश सरळ प्रोसेसरवर चढले होते, वर गळतीच्या करंटची (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपतो त्याची) भर पडली होती. सिलिकॉन जितकं तापतं तितका हा करंट वाढतो आणि तेवढ्याच क्लॉकला व्होल्टेजही थोडं जास्त लागायला लागतं.

इथं माणूस व्होल्टेज वाढवायला जातो. मीही गेलो. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२५ चे १.३५ केले की त्याच गिगाहर्ट्झला साधारण सतरा टक्के जास्त उष्णता, आणि ती बाहेर टाकायची कुठे, तर आधीच तापलेल्या खोलीत. ५८००एक्समध्ये आठही कोअर एकाच छोट्या चिपलेटवर (सिलिकॉनच्या तुकड्यावर) आहेत. उष्णता एवढ्याशा जागेतून निघते, म्हणून कूलर मोठा करूनही एका मर्यादेनंतर फारसा फरक पडत नाही. शेवटी ४.५ वर उतरलो. पाऊस लागल्यावर परत ४.६. मग ऑक्टोबर हीट आली, परत खाली. दर वेळी बायोस, दर वेळी दोन तास चाचणी आणि त्यानंतर आठवडाभर मनात धाकधूक. रात्रभराचा रेंडर लावून झोपताना हे बरोबर बसलंय ना, असं वाटत राहणं मला सोसेना.

कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये हे दुखणं मुळातच येत नाही. पीबीओच्या पानावरच तापमानाची मर्यादा घालता येते. मी ८२ घातली आहे. खोली तापली की प्रोसेसर २५-२५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी स्वतःच उतरतो, गारवा आला की चढतो. गेल्या मे महिन्यात भर दुपारी रेंडरमध्ये तो हिवाळ्यापेक्षा शंभरेक मेगाहर्ट्झ खाली दिसला. पण रेंडर पूर्ण झाला आणि मी बायोस उघडला नाही.

त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. इथं क्रॅश लोडखाली होत नाही, मशीन निवांत असताना होतो. कर्व्हची एक पायरी म्हणजे अंदाजे ३ ते ५ मिलिव्होल्ट, खाली जास्तीत जास्त ३० पायऱ्या. सगळ्या कोअरना उणे ३० दिलं तर सिनेबेंच खुशाल चालतं, आणि रात्री अकराला नुसतं ब्राउझर उघडं असताना मशीन रीस्टार्ट होतं. कारण एकटा कोअर सगळ्यात वर धावतो तो हलक्या कामातच, तेव्हाच त्याला व्होल्टेज कमी पडतं. माझ्याकडे असं झालं तेव्हा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएची (हार्डवेअरच्या चुकीची) नोंद सापडली, तीत एपीआयसी आयडी (थ्रेडचा क्रमांक) ६. एका कोअरचे थ्रेड दोन, म्हणून दोननं भागलं की कोअर ३. मोजणी शून्यापासून असते, हे विसरलात तर भलत्याच कोअरला दोष द्याल. तो कोअर उणे १२ वर आणला, बाकीचे कोअरसायकलर या चाचणीच्या प्रोग्रॅमवर एकेक करून रात्री तपासले. सगळं बसायला दोन आठवडे लागले. एएमडीचा रायझन मास्टर हा प्रोग्रॅम ज्यांना तारा दाखवतो ते चांगले कोअर बहुधा सगळ्यात कमी उणे सोसतात, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करा.

म्हणजे त्रास दोन्हीकडे आहे. पण हा एकदाच होतो.

ज्यांच्याकडे एसीची खोली आहे, मशीन दिवसरात्र एकाच प्रकारचा भार ओढतं आणि वेळेचा हिशोब पक्का हवा, त्यांना हातानं बांधलेला क्लॉक आजही चांगला. माझ्या म्हणण्यावरून त्यांनी बदलू नये. रायझनच्या आधीच्या ३००० मालिकेवर कर्व्ह ऑप्टिमायझर नाहीच, तिथं हा प्रश्नच येत नाही. वॉरंटीच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच, एएमडीच्या लेखी पीबीओसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे. बाकी आपल्याकडच्या उन्हाळ्यात साध्या खोलीत बसून काम करणाऱ्यानं, मला वाटतं, दुसरा रस्ता आधी करून बघावा.

एक मात्र करा. पीबीओ लावताना लिमिट मदरबोर्डवर सोडू नका, तो पीपीटी (प्रोसेसरनं किती वॅट ओढायचे ती मर्यादा) मोकळा करतो आणि ५८००एक्सवर त्यातून बहुतांशी उष्णताच मिळते. मी १४२ वॅटचे १२५ केले, रेंडरच्या वेळेत जाणवण्याजोगा फरक पडला नाही आणि पंख्याचा आवाज बसला. आठही कोअरचे आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत, कारण बायोस अपडेट केला की हे सगळं पुसलं जातं.