आइस वॉच : कान लावून बघायचा बर्फ

कलाकार ओलाफुर एलिआसन आणि ग्रीनलंडचे भूशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांचं हे मांडणीशिल्प २०१४ला कोपनहेगनमध्ये, २०१५ला हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसमध्ये आणि डिसेंबर २०१८ला लंडनमध्ये लागलं. साहित्य एकच, हिमनदीचा बर्फ. लंडनला ३० तुकडे होते : २४ टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या पुढ्यात, उरलेले ६ शहराच्या वित्तीय भागात. प्रत्येकाचं वजन दीड ते पाच टन. हे तुकडे हिमनदीतून कापलेले नाहीत. आधीच सुटून ग्रीनलंडमधल्या नूक शहराजवळच्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात तरंगत होते, तिथून उचलून शीतपेट्यांतून आणले. तरंगता बर्फ वितळला तरी समुद्राची पातळी चढत नाही, त्यामुळे 'हिमनदीच उचलून आणली' हा आक्षेप टिकत नाही.

मच्छीबाजारातल्या लादीशी तुलना केली की गंमत कळते. लादी बाहेरून आत गोठते, पाण्यात विरघळलेली हवा मधोमध ढकलली जाते, म्हणून तिचा गाभा पांढुरका. इथे बर्फ वर्षानुवर्षं दबलेल्या हिमाचा, आणि जुनी हवा दाबाखालच्या बुडबुड्यांत कोंडलेली. तुकडा वितळताना बुडबुडे फुटतात. कान टेकवला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखी चुरचुर, मधूनच टक्कन आवाज. या कामातलं दुःख त्या आवाजात आहे, फलकावरच्या मजकुरात नाही. पण भर रहदारीत तो बुडतो. चौक निवडताना हे कमी मोजलं गेलं असं वाटतं.

पॅरिसला १२ तुकडे घड्याळाच्या तबकडीसारखे मांडले होते. म्हणजे अर्थ समोर वाढून ठेवलेला! लंडनला ते विखुरले आणि काम सुधारलं : माणूस मधून चालतो, हात लावतो, पंजा ओला होतो. सेल्फीवालेही येतात, येऊ देत.

मोठे तुकडे आणणं हा नुसता थाट नाही. बाजू निम्मी केली तर आकारमानाच्या मानाने उघडा पृष्ठभाग दुप्पट होतो आणि तुकडा भराभर संपतो. त्यात पाऊस आला तर आणखी लवकर.

कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मात्र झाकलेला नाही. पॅरिसचा सुमारे ३० टन, लंडनचा ५५. एवढा धूर काढून बर्फासाठी रडायचं का, हा प्रश्न रास्त आहे. पण निदान तो बिलासकट विचारता येतो. बहुतेक हवामान-प्रदर्शनांत बिलच सापडत नाही.