हिरवी की निळसर? ग्लो पावडर घेण्याआधी

जिन्याच्या पायऱ्या, स्विचबोर्ड, विहिरीचा कठडा, कशालाही लावायला ग्लो पावडर, म्हणजे उजेड साठवून अंधारात चमकणारी पावडर, मागितली की समोरून प्रश्न येतो, हिरवी देऊ का ॲक्वा, म्हणजे निळसर. बहुतेक जण हिरवीच घेतात कारण ती स्वस्त पडते आणि दुकानातल्या सॅम्पलमधे तीच उठून दिसते. मी दोन्ही लावल्यात, गावच्या घरी पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो म्हणून. त्यामुळे जे सांगतोय ते वापरून सांगतोय, मीटर लावून मोजलेलं नाही.

जुनी झिंक सल्फाइडवाली पावडर मी धरतच नाही, १९९६ साली जपानच्या नेमोटो कंपनीतल्या लोकांनी स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटवरचा पेपर छापला तिथेच तिचा विषय संपला. आता मिळतात त्या दोन्ही स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटच, दोन्हीत युरोपियम आणि डिस्प्रोशियम या धातूंची चिमूट, दोन्ही भट्टीतून निघालेलं सिरॅमिक. फरक आहे तो जाळीचा, म्हणजे स्फटिकात अणू कसे रचलेत त्याचा. हिरवीत एका स्ट्रॉन्शियममागे दोन अल्युमिनियम, ॲक्वात चारामागे चौदा, आणि तेवढ्यावर स्फटिकाची मांडणीच बदलते, हिरवीची मोनोक्लिनिक तर ॲक्वाची ऑर्थोऱ्हॉम्बिक, ही स्फटिकांच्या आकारांची नावं.

मग युरोपियम तेच असून रंग का बदलतो? तर या टू प्लस युरोपियमचा, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या युरोपियमचा, इलेक्ट्रॉन बाहेरच्या ५डी कक्षेतून खाली येताना उजेड देतो आणि ती कक्षा म्हणजे ओसरीवर बसलेला माणूस, रस्त्यावरचा सगळा गोंगाट आधी त्याच्या कानावर. शेजारचे ऑक्सिजन किती जवळ आहेत, कसे बसलेत, त्यावर तिची पातळी वरखाली होते, म्हणून एका जाळीत ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास हिरवा आणि दुसरीत ४९० च्या आसपास निळसर. थ्री प्लस, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या युरोपियमचा उजेड ४एफ कक्षेतला आणि ती आत झाकलेली असते, म्हणून तो सीएफएलमधल्या यिट्रियम ऑक्साइडमधे लाल देतो आणि दुसऱ्या ऑक्साइडमधे नेला तरी थोड्याफार फरकाने तांबडाच राहतो. गंमत म्हणजे हिरवीच्या जाळीतही स्ट्रॉन्शियमच्या दोन वेगवेगळ्या जागा आहेत आणि तिच्यातूनही ४४५ च्या आसपास निळा निघतो, पण लिक्विड नायट्रोजनएवढ्या थंडीत. आपल्याकडच्या हवेत तो विझलेलाच असतो, त्यामुळे कामाचा नाही.

आता उजेडाचं. लाईट गेल्या गेल्या हिरवी जिंकते, यात वादच नाही. उजेडाला सरावलेल्या डोळ्याला ४९० पेक्षा ५२० तिपटीहून जास्त उजळ वाटतो. पण डोळा अंधाराला रुळला की त्याला ५०७ च्या आसपासचा उजेड सगळ्यात जास्त जाणवतो आणि दोन्ही रंग तिथून जवळपास सारख्याच अंतरावर, मग ती आघाडी राहत नाही. मध्यरात्री उठून पाणी प्यायला जाताना मला तरी ॲक्वाच्या पायऱ्या जास्त ठळक दिसतात, कदाचित आवडीचाही भाग असेल. दुकानातल्या सॅम्पलवर जाऊ नका एवढंच, तिथे डोळे रुळायला वेळच मिळत नाही.

पण माझं ठरलं ते उजेडावरून नाही, पाण्यावरून. हिरवी पावडर पाण्याशी वाकडं धरते. साधी, कोटिंग नसलेली हिरवी पावडर पाण्यावरच्या ॲक्रिलिक रंगात कालवली की पहिला हात छान लागतो, उरलेलं झाकण लावून ठेवायचं म्हटलं तर नंतर आत दगड. ढवळायची काडी उभीच्या उभी अडकते, खरवडून काढलं तर पांढरट चुरा आणि अंधारात नेलं तर चमक जवळजवळ नाहीच. पाण्याने ती जाळी फुटते, स्ट्रॉन्शियम हायड्रॉक्साइड सुटतं, रंग अल्कली होतो आणि घट्ट बसतो. कठड्यावर मारलेल्या पट्टीचंही पावसात तेच, जिथे वरचा क्लिअर कोट तडकला तिथून ती पांढुरकी पडत गेली. ॲक्वात स्ट्रॉन्शियमचं प्रमाणच कमी आणि अल्युमिनियम-ऑक्सिजनची जाळी जास्त दाट, त्यामुळे ती पाण्याला सहजी दाद देत नाही. अगदी अमर आहे असं म्हणणार नाही, पण माझा ॲक्वाचा डबा अजून ढवळता येतो, आणि ओल्या कठड्यावर रात्री जी पट्टी दिसते ती ॲक्वाची.

यावर दुकानदार म्हणेल कोटेड हिरवी घ्या. घ्या की, फरक पडतो, पण तो कोट दाण्यावरचा पातळ पापुद्रा असतो, जोरात घोटलं की फुटतो. मिक्सरमधे बारीक करायचा विचार तर दोन्हीच्या बाबतीत सोडा, दाणा फुटला की चमक पण जाते. आणि खाली पांढरा बेस मारायला विसरू नका, भिंतीच्या रंगावर थेट मारली तर कुठलीही पावडर अर्धी वाया.

म्हणजे हिरवी वाईट असं माझं म्हणणं नाही. घरातल्या घरात, इपॉक्सीत किंवा ऑइल बेसमधे, जिथे पाणी लागणार नाही तिथे हिरवी बिनधास्त घ्या, पैसेही वाचतील आणि पाहुण्यांना दाखवायला पण तीच भारी. पण कोकणात, बाहेर, बाथरूमच्या दाराशी, किंवा पाण्यावरचाच रंग वापरणार असाल तर थोडे पैसे जास्त जाऊ देत, ॲक्वा घ्या. आधी पन्नास ग्रॅमच आणा, चिमूटभर वाटीत पाण्यात भिजवून चार दिवस ठेवा, मग रात्री लाईट बंद करून बघा आणि पुढची ऑर्डर द्या.