लेव्हल ४२चा ‘गॅरंटीड’: होल्ड्सवर्थसाठी घेणार असाल तर

लेव्हल ४२ या ब्रिटिश पॉप-फंक बँडचा हा १९९१चा अल्बम मुंबईत साधारण दोन जातीचे लोक शोधत असतात. एक, बँडचं ‘लेसन्स इन लव्ह’ ऐकून बेस गिटार हातात घेतलेले. दुसरे, ॲलन होल्ड्सवर्थने जिथे जिथे गिटार वाजवली ते सगळं गोळा करणारे. पहिल्यांनी डोळे झाकून घ्यावा. दुसऱ्यांनी अपेक्षा थोडी आवरावी. श्रेयनामावलीत होल्ड्सवर्थ असला तरी अल्बमवर राज्य बँडचा गायक-बेसवादक मार्क किंगच्या अंगठ्याचं आहे.

होल्ड्सवर्थ एका पॉप-फंक बँडमध्ये पोचला कसा, याचं उत्तर ड्रम्सच्या मागे बसलंय. १९८७मध्ये ड्रमर फिल आणि गिटारवादक बून हे गूल्ड बंधू बाहेर पडले. गिटारवर ॲलन मर्फी आला, ड्रम्सवर गॅरी हजबंड. ऑक्टोबर १९८९मध्ये मर्फी वारला. हजबंड होल्ड्सवर्थचा जुना साथीदार. १९९०च्या लंडनमधल्या हॅमरस्मिथ ओडियनच्या कार्यक्रमांत होल्ड्सवर्थ बँडबरोबर वाजवायला उभा राहिला आणि पुढे अल्बमवरही आला. (हाच हजबंड नंतर गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या फोर्थ डायमेन्शन या बँडमध्ये आपल्या ड्रमर रणजित बारोटच्या शेजारी दिसतो. तिथे तो कीबोर्डही वाजवतो.)

कव्हरवरून मात्र फसू नका. फोटोतला गिटारवाला जॅको जॅक्सझिक आहे. तो दौऱ्यासाठी बँडमध्ये आला. रेकॉर्डवरची गिटार मुख्यतः होल्ड्सवर्थ आणि डॉमिनिक मिलरची. मिलर म्हणजे स्टिंगबरोबर वाजवतो तोच.

दोघांचे हात ओळखणं कठीण नाही. मिलरच्या सुराला सुरुवात असते: बोट किंवा पिक तारेवर आदळल्याचा ‘टक’ ऐकू येतो, मग सूर. होल्ड्सवर्थच्या कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांना) ती सुरुवातच नसते. पायाने आवाज कमी-जास्त करायचं व्हॉल्यूम पेडल पूर्ण बंद ठेवून कॉर्ड छेडायची, मग पेडल सावकाश उघडायचं आणि पुढे डिलेने (सुराचे प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्राने) तो सूर पसरू द्यायचा. स्वतः करून बघणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते: पेडल टाचेकडे पूर्ण दाबलेलं नसतं, ‘टक’ निसटतो, आणि डिले तोच ‘टक’ चार वेळा परत ऐकवतो. सोलोतही त्याची वेगळी खूण आहे. पुल-ऑफ करताना, म्हणजे दाबलेलं बोट काढून खालचा सूर वाजवताना, तार आडवी ओढली जाते आणि सुराला बारीकसा हेल येतो. तो टाळायला होल्ड्सवर्थ बोट सरळ वर उचलायचा आणि पुढचा सूर वरून ठोकून काढायचा. म्हणून त्याच्या ताना गिटारपेक्षा सॅक्सोफोनच्या जास्त जवळ जातात.

तक्रार आहे ती जागेची. चार-पाच मिनिटांच्या गाण्यात किंगचा आवाज, कीबोर्डवादक माइक लिंडपचा वरच्या पट्टीतला आवाज आणि कीबोर्डचे जाड थर बसवल्यावर पाहुण्याला उरतं ते कोपऱ्यातलं स्टूल. निर्मिती बँडची आणि वॉली बाडारूची. सगळं घासूनपुसून इतकं चकचकीत केलंय की काही ठिकाणी गिटार कुठली आणि सिंथ (सिंथेसायझर) कुठला हे दोनदा ऐकून ठरवावं लागतं. तरी होल्ड्सवर्थने इथे संगतकाराची भूमिका मनापासून निभावलीय. कॉर्ड साधी असती तर गाणं सपाट वाटलं असतं, अशा जागी तो खालून एखादा अनपेक्षित सूर सरकवतो आणि गाण्याचा रंग बदलतो. सोलोंसाठी ताटकळण्यापेक्षा या जागा टिपा.

त्या टिपायला शांतता लागते. विरार लोकलमध्ये इअरफोन घालून हा अल्बम ऐकू नये. बेसचा फटका डब्याच्या खडखडाटातून आरपार येतो, पण आघात नसलेली कॉर्ड त्यात पूर्ण विरघळते. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर उलटी गत. बेसच्या खालच्या तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झचा. तो स्पीकर तिथवर उतरतच नाही, त्यामुळे स्लॅपची, म्हणजे अंगठ्याने तारेवर मारलेल्या ठोक्यांची, फक्त टिकटिक उरते. कान झाकणारे हेडफोन आणि पंखा बंद, हे बरं.

शीर्षकगीत आणि ‘ओव्हरटाइम’ बेसवाल्यांनी आधी घ्यावीत. किंग मुळात ड्रमर, आणि ते वाजवण्यात दिसतं: अंगठ्याचा ठोका, डाव्या हाताची तारांवर मुकी थाप, मग तर्जनीने ओढलेली तार. ती मधली थाप गाळली तर सगळे सूर बरोबर येऊनही गाडी अडखळते. त्याच्या तारा पातळ, ३० ते ९० गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी). आपल्याकडे बेसवर सहसा ४५-१०५चा संच असतो. तो काढून थेट ३०-९० चढवला की ताण कमी पडतो, मान मागे झुकते आणि पहिल्या काही फ्रेटवर तार खरखरते. ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) पाव वळसा सैल करून एक रात्र थांबा, मग पुन्हा बघा. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा जाड तारांसाठी कापलेल्या असतात. पातळ तार त्यात हलत असेल तर नवा नट लागेल.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झालं, तेव्हा सीडी बहुधा जुनीच मिळेल. ती उजेडात धरा. केंद्राकडून कडेकडे गेलेला ओरखडा बहुतेक वेळा चालून जातो. गोलाकार ओरखडा सलग डेटा खातो आणि गाणं उडतं. छापील बाजूला टोचल्यासारखी भोकं दिसली तर सोडून द्या, तिथला थरच गेलेला असतो आणि पॉलिश करून तो परत येत नाही. पावसाळ्यात पुस्तिका ओलाव्याने चिकटते, म्हणून पानं उघडून बघा. एलपी दिसली तर आधी मागची गाणी मोजा. सीडीवर बारा गाणी आहेत, जवळपास तासाभराची, आणि एवढं एका एलपीत कोंबलं तर खाचा अरुंद होतात आणि पहिला बळी बेसचा जातो.

बँड १९९४मध्ये ‘फॉरएव्हर नाऊ’नंतर विसर्जित झाला. २००१मध्ये किंगने नाव पुन्हा उभं केलं, पण होल्ड्सवर्थसकट ही मंडळी पुन्हा जमली नाहीत. होल्ड्सवर्थ २०१७मध्ये गेला. लेव्हल ४२ कधीच ऐकलं नसेल तर ‘वर्ल्ड मशीन’ (१९८५) आधी घ्या. होल्ड्सवर्थ आणि हजबंड ही जोडी मोकळ्या मैदानात ऐकायची असेल तर १९८२चा ‘आय.ओ.यू.’ शोधा, तिथे मध्ये यायला कीबोर्डचे जाड थर नाहीत.